कागदावरचा पंजा

तो सुनेच्या कंपनीतला. ठेकेदाराचा माणूस की साहेबाचा, ते मला कधी कळलंच नाही. आमच्या किकवी गावात कुणाचं काम सुटलं की याची मोटरसायकल त्याच्या दारात उभी. बोलणं गोड. "आपलंच घर हाय की, मावशी." पण अशा कुठल्याच 'आपल्या घरात' कधी चप्पल काढून बसला नाही, आणि चहा विचारला की पोटावर हात ठेवणार, "पित्त हाय."

सुनेला कामावरून काढलं, तसा चौथ्या दिवशी आलाच.

"वैनी, नुसती पोच हाय. हितं सही करा."

ओट्यावर कागद, कागदाच्या वरच्या भागावर त्याचा पंजा. बोलताना मान हलत होती, खांदे हलत होते, पंजा काही हलेना. काढून टाकलेल्याला कामगार विम्याच्या कचेरीतून बेकारी भत्ता मिळतो, आपणहून सोडलेल्याला नाही, हे सुनेनं मला कालच सांगितलं होतं. मी कपबशी काठोकाठ भरून आणली. तिला दोन्ही हात लागतात.

"आज घेतो," म्हणाला आणि दोन्ही हात पुढं केले.

सुनेनं वाचलं, "मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." मग कडाडली, "म्या कवा दिला वो राजीनामा?"

तो बशीत फुंकर मारत राहिला. चहा संपवून कागदाची घडी खिशात घातली. "सही देत न्हाईत म्हणून सांगतो," म्हणाला नि गेला.

सुनेनं भत्त्याचा अर्ज केला. पण गावभर ज्याला पित्त होतं, त्यानं आमच्याच ओट्यावर चहा का घेतला?