तेरा नावे आणि एक मामा

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता जळगावजवळच्या असोद्याच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना थांबला. गुण चौदा-चौदा होते. दीपनगर वीजकेंद्राच्या संघातला चढाईचा खेळाडू, आपली पाळी आली असताना, रेषेबाहेर जाऊन जमिनीवर बसला आणि आता खेळणार नाही म्हणाला. सामना बावीस मिनिटे बंद राहिला. या बावीस मिनिटांना दोन माणसे कारणीभूत होती. एकाचा आवाज लाउडस्पीकरवरून असोद्याच्या वेशीपर्यंत पोचत होता. दुसरा मी. माझे लिहिणे छापील असल्यामुळे चार जिल्ह्यांत गेले होते.

साल नव्वदच्या आगेमागचे. नक्की तारीख देता येत नाही, कारण त्या वर्षीची डायरी मी फार जपून ठेवली आणि तेव्हापासून ती सापडलेली नाही. महिना फेब्रुवारी होता.

मी नाशिकच्या एका दैनिकात कोर्ट आणि नगरपालिका बघत असे. क्रीडा पान बघणारा सहकारी तापाने पडला, म्हणून संपादकांनी मला जळगावला धाडले. "कबड्डीत काय, सात-सात माणसं," ते म्हणाले. "नावं बरोबर लिही, बाकीचं मी बघतो." ही सूचना मला जरा अपमानास्पद वाटली. कोर्टाच्या बातमीत आरोपीचे नावसुद्धा मी वडिलांच्या नावासकट लिहितो, अशी माझी कचेरीत ख्याती होती. ती बरीचशी मीच पसरवली होती.

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघालो. धुळ्याला गाडी अर्धा तास थांबली. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. पहिल्या घासाला छान म्हणालो आणि दुसऱ्याला बोलता येईना. समोरच्या बाकावरच्या पागोटेवाल्या गृहस्थांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"कथा चालनात भाऊ?" (कुठे निघालात?)

पेपरातर्फे असोद्याला, असे मी डोळे पुसत सांगितले.

"पेपरमा बठ्ठं खरं ऱ्हास का?" (पेपरात सगळे खरे असते का?)

मी म्हणालो, "बाकीचं माहीत नाही आबा, पण नाव आणि गाव तरी खरं असतं." त्यांनी मान डोलावली. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे चार दिवस ती मला आठवत राहिली.

जळगावला स्टेशनजवळ उतरलो आणि शुक्रवारी सकाळी असोद्याला गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधेच वेचून झालेल्या कपाशीच्या काळ्या पऱ्हाट्या. स्पर्धेचे अध्यक्ष नाना यांनी पाहुणचाराला घरी नेले. नाना म्हणजे गावचे मोठे बागायतदार. बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे ते भरीत मी तीनदा मागून घेतले. आग्रह करायची वेळ नानांवर आली नाही.

मैदानावर गुरुजी भेटले. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि दरवर्षी या स्पर्धेचे समालोचन करायचे. त्यांची एक रीत होती. सामन्याआधी दोन्ही संघांतल्या प्रत्येकाला ते मंडपातून एकेक पदवी बहाल करत, आणि मग सामनाभर तीच चाले. असोद्याच्या कर्णधाराची ओळख अशी झाली : "प्रमोद चौधरी, पदवी, वांगं." प्रमोद गोल आणि काळासावळा होता. त्याने हात जोडून पदवी स्वीकारली. दीपनगरच्या एका धिप्पाड गड्याला 'बॉयलर' मिळाले. दोन हजार माणसे हसत होती. मीही हसलो. मग गुरुजींचा मोर्चा माझ्याकडे वळला. "आपल्यात नाशिकचे पेपरवाले आले हायेत. पदवी, कोरा कागद."

मैदान हसले. मी हसलो नाही. दहा मिनिटांच्या आत मंडपात जाऊन मी गुरुजींना माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, चिठ्ठीवर लिहून दिले. भला माणूस, त्यांनी लगेच ते वाचून दाखवले. माझे समाधान झाले.

त्या दिवशी असोद्याने आपला सामना जिंकला आणि दीपनगरने फैजपूरला हरवले. नऊ गुण एकट्या एका सडपातळ, आखूड केसांच्या तरुणाने आणले. चढाईला निघताना तो ओणवा होऊन मातीला हात लावायचा, आणि परत कधी यायचा ते समोरच्यांना कळायचे नाही. गुरुजी ओरडत, "आला, मामा आला. मामा सातपुड्यावरून उतरला." लोकही "मामा, मामा" करत होते. संध्याकाळी जळगावच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावून बातमी सांगितली. मथळाही मीच सुचवला : 'फैजपूरला मामा भारी'. पलीकडचा उपसंपादक हसला. क्रीडा पान काही अवघड नाही, असे मला वाटले.

शनिवारी सामने नव्हते, म्हणून फैजपूरकडे केळी बघायला गेलो. घड ट्रकमध्ये रचताना मधे केळीचीच वाळकी पाने घालतात, हे उभ्याने पाऊण तास पाहिले आणि शर्टाला केळीचा चीक लावून घेतला. तो डाग अजून आहे. चहाच्या टपरीवर चौघे जण माझीच बातमी वाचून हसत होते. त्यांचे गाव हरले होते, तरी हसत होते. एक जण म्हणाला, "पेपरातबी मामाच झाला त्याचा." मी हे कौतुक समजून चहा दुसऱ्यांदा मागवला.

मग रविवार.

अंतिम सामना असोदा आणि दीपनगर. पूर्वार्ध संपत आला होता. गुरुजींनी पुकारले, "चढाईले येतो मामा." आणि तो तरुण रेषेबाहेर जाऊन बसला. पंचांनी शिट्टी वाजवली. नाना खुर्ची सोडून आले, त्यांच्यामागे प्रमोद, त्याच्यामागे निम्मे मैदान. गुरुजींनी माइक लांब वायरीसकट हातात आणला. तो चालूच होता.

तरुणाने पिशवीतून घडी घातलेला पेपर काढला आणि तो नानांना न देता माझ्याकडे दिला.

"यात मी कुठे आहे, ते दाखवा साहेब."

मी बोट 'मामा'वर ठेवले.

"हे माझं नाव नाही," तो म्हणाला. "डोंगरातून उतरलेल्या कुठल्याही आदिवासीला इकडे मामाच म्हणतात. मी सायसिंग पावरा. दीपनगरला कोळशाच्या यार्डात ठेकेदाराकडे आहे. वीजकेंद्रातल्या खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज करायचाय, या महिनाअखेरची मुदत आहे. अर्जाला कात्रण जोडावं लागतं. हे जोडलं तर तिथला साहेब विचारेल, मामा कोण?"

नाना त्याच्याजवळ उकिडवे बसले. "अरे भो, मामा म्हनजे मायचा भाऊ. आमच्या घरात मामाले केवढा मान असतो. यात वाईट काय हाये?"

"मले वांगं म्हनतात," प्रमोद म्हणाला. "मी रुसलो का कधी?"

मागून कोणी म्हणाले, "असं धरत बसलं तर मैदानावर तोंडच उघडू नये मानसानं."

गुरुजी खरोखर दुखावलेले दिसत होते. "मी कोन्हाले सोडत नाही बाबा. पन माझ्या मनात काही नसतं. या पोराचं मी कौतुकच करून राह्यलो."

"तुमच्या मनात काही नसेल गुरुजी," सायसिंग म्हणाला. "मनातलं मला कसं दिसणार? कानावर येतं ते सांगतो. यांचं काय सांगता तुम्ही? प्रमोद चौधरी, पदवी वांगं. माझं सांगता, मामा. पदवीच्या आधीचं कुठे गेलं?"

"सांगतो ना मी नाव. सगळ्यांचंच सांगतो." गुरुजींनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "हे पेपरवाले साहेब हायेत. यांनी लिहून घेतलेलं असतं. काढा हो वही, वाचा." आणि माइक माझ्या हातात दिला.

मला बरे वाटले. वादात कागद काढायची वेळ आली की मला नेहमीच बरे वाटते. सामन्याआधी दोन्ही संघ पुकारले तेव्हा मी चौदाही जणांची यादी केली होती. ती वाचू लागलो. असोद्याचे सात, नाव, आडनाव, पदवी. दीपनगरचे सहा, नाव, आडनाव, पदवी. चौदाव्या ओळीवर आलो. तेथे लिहिले होते, 'मामा'. नाव नाही, आडनाव नाही. प्रत्येक नाव तपासल्यावर मी पुढे एक खूण करतो. मामापुढेही खूण केलेली होती.

हे सगळे लाउडस्पीकरवरून गेले. मी वही मिटली, तो आवाजही गेला.

"मला वाटलं, ते तुमचं आवडीचं टोपणनाव असेल," मी सायसिंगला म्हणालो.

"विचारलं होतं?"

"नाही."

"तुम्हाला गुरुजींनी कोरा कागद म्हटलं, तर तुम्ही लगेच मंडपात गेलात. मी तिथेच पाणी पीत होतो."

मी माइक बंद करायचे बटण शोधू लागलो, ते मला सापडले नाही.

नानांच्या थोरल्या बहिणीला सगळे गाव अक्का म्हणे. त्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारले, "मामाले एवढा मान हाये ना? मंग याचा भाचा कोन हाये? हात वर करा."

प्रमोदचा हात डोके खाजवायला वर गेला होता. तो त्याने चटकन खाली घेतला. दुसरा हात दिसला नाही.

"नाना, तू?" अक्का म्हणाल्या.

नाना उठून धोतर झटकू लागले. "झालं अक्का. कळलं."

"चिडवाचं तर चिडवा. पन नावानं चिडवा. त्याच्या मायनं ठेवलं असंन ना काही."

गुरुजींनी माझ्याकडून माइक घेतला. मग सायसिंगजवळ वाकून त्यांनी हळूच काही विचारले. माइक तेव्हाही चालू होता, त्यामुळे "वडिलांचं?" एवढे सगळ्यांना ऐकू आले. नंतर ते सरळ उभे राहिले आणि शाळेत हजेरी घेतात तसे पुकारले, "सायसिंग दुरसिंग पावरा. चढाई."

तो उठला, मातीला हात लावला आणि गेला. असोद्याच्या प्रमोदने त्याचा घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले. स्पर्धेत पहिल्यांदाच त्याची पकड झाली. मैदान नाचू लागले. "सायसिंग भो, दीपनगरची लाइट गेली का?" असे कोणी ओरडले, त्यावर सायसिंगही माती झटकत हसला. गुरुजी दोनदा 'मा' म्हणून थांबले आणि दोन्ही वेळा पूर्ण नाव घेतले. पूर्ण नाव घेईपर्यंत चढाई संपत असल्याने समालोचन मागे पडत होते. असोदा दोन गुणांनी जिंकले. सायसिंगचे सामन्यातले गुण अकरा. हे मी पंचांच्या तक्त्यावरून घेतले, लाउडस्पीकरवरून नाही.

सोमवारी सकाळी तो जळगावच्या स्टँडवर आला. पाळी बुडवून आला होता. त्याने आपले नाव, वडिलांचे नाव, आणि यावलच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या पाड्याचे नाव माझ्या वहीत स्वतः लिहिले. माझ्या अक्षरावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. मग त्याने माझे नाव विचारले.

"बातमीत तर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच असतं," तो म्हणाला. "चिठ्ठी कोणाला घालू?"

मी सांगितले. त्याने पेपराच्या कडेला लिहून घेतले, वाचून दाखवले आणि बरोबर आहे का विचारले. गाडी सुटली.

धुळ्याला गाडी पुन्हा अर्धा तास थांबली. मी खाली उतरलो नाही.

नाशिकला संपादकांनी सगळे ऐकून घेतले आणि अंतिम सामन्याच्या बातमीखाली चार ओळींचा खुलासा घ्यायचे कबूल केले. उपसंपादकाने विचारले, "वाचकांना कळायला कंसात 'मामा' टाकू का?" मी नको म्हणालो. मात्र असे म्हणायला मला थोडा वेळ लागला, आणि तो त्याच्या लक्षात आला.

बुधवारी खुलासा छापून आला. नाव, वडिलांचे नाव आणि पाड्याचे नाव बरोबर होते. त्याच दिवशी तीन प्रती दीपनगरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आले. मजकूर दोन ओळींचा होता. अर्ज मुदतीत दिला, एक कात्रण अर्जाला जोडले, एक आईकडे आहे, एक गुरुजींनी मागून नेले. पत्त्याच्या बाजूला माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बरोबर लिहिलेले होते.