घेवड्याच्या खोलीत लुसिया

तेरा डिसेंबर, पहाटे पाच चाळीस. ब्यॉर्केबीच्या बियाणे केंद्रातल्या काळोख्या खोलीत बिर्गर सांदेन कपाळाला मंद हिरवा दिवा बांधून घेवड्याच्या पानाला कोनमापक लावत होता. घेवडा रात्री पानं खाली सोडून झोपतो आणि पहाटे, मिट्ट काळोखातही, आपल्या वेळेला ती उचलतो. देठाच्या सांध्यातल्या पेशींत पाणी भरलं की पान उठतं. अर्ध्या कुंड्यांना लिथियमचं मीठ पाजलं होतं. त्यांची पानं किती उशिरा उठतात, तेवढं टिपायचं होतं. पांढरा उजेड शिरला की सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्या खेपेला हीटर बंद पडला होता, दुसऱ्या खेपेला पानांवर मावा कीड पडली. आजची खेप साधली, तर बिर्गर उद्याच्या गाडीने नाताळला बहिणीकडे, लुलेओला. नाही साधली, तर नाताळ घेवड्याबरोबर.

म्हणून केंद्राच्या लुसिया मिरवणुकीला, दिवे घेऊन गात फिरायच्या पहाटेच्या सणाला, त्याने नकार कळवला होता. बाकीच्यांनी त्यावर रीतसर बैठक घेतली आणि एकमताने ठरवलं, बिचाऱ्याला एकटं टाकायचं नाही.

दार उघडलं. पुढे संचालिका मायलिस, पांढरा झगा, डोक्यावर विजेच्या मेणबत्त्यांचा मुकुट. मागे सगळं केंद्र, दिवे आणि केशराचे पाव घेऊन, गात.

लुसियाचं गाणं मध्येच तोडणं तिथे कुणाच्या बापाने केलं नव्हतं. बिर्गरने तोंड उघडलं ते ओरडायला. बाहेर पडला खर्जातला सूर. सगळी कडवी तो कोनमापक छातीशी धरून गायला.

"सुरात आहेस की! मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?" मायलिसने विचारलं.

"अगं बाई, दारावरची पाटी दिसली नाही? 'उजेड आणू नये'?"

"दिसली ना. आम्हाला वाटलं, थट्टा करतोयस. लुसियाच्या दिवशी असं कोण लिहितं?"

"उद्या माझी गाडी आहे, मायलिस."

पाव चघळणारी तोंडं थांबली. मग कुंड्यांमध्ये उभ्याउभ्याच दुसरी बैठक झाली. शेजारच्या खोलीत राखीव रोपं होती. चौथी खेप, दार उघडणाऱ्यांनी, पाळीपाळीने.

"मला कोनमापक धरता येत नाही," हिशेबनीस ऊल्फ कुरकुरला.

"गाता तरी कुठे येतं तुला? आलास ना तरी?" बिर्गर म्हणाला.

उद्या पाच चाळीसला पहिली पाळी मायलिसची आहे. मुकुट कपाटात बंद असेल. कपाटाची किल्ली सहा दहाच्या गाडीने, बिर्गरच्या खिशातून, लुलेओला जाईल.