जाळीवरचे हार

भाषावार प्रांतरचना झाल्यावर माझी बदली उस्मानाबादला झाली. तिथं देवीची लस टोचणाऱ्या आमच्या पथकाला एक जीप मिळाली. लष्करानं टाकलेली, कुणीतरी लिलावात घेतलेली आणि फिरून फिरून सरकारकडे आलेली. तिच्यासोबत तिचा ड्रायव्हरही आला. निजामाच्या अमलापासून नोकरीत असलेले, मेंदीनं दाढी रंगवणारे गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

उमरग्यापासून परंड्यापर्यंत गावोगाव जायचा सव्वा महिन्याचा दौरा ठरला. निघताना वरिष्ठांनी माझ्या हाती एक छापील फॉर्म दिला. जीपनं दौरा निभावला तर ती ठेवायची, नाही तर मी ‘निकामी’ असा शेरा मारायचा. जीप गेली की चाचांची ड्रायव्हरकीही जाणार आणि ते कचेरीच्या फाटकावर पहारेकरी होणार, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. जुनी गाडी आणि जुना माणूस, दोन्हींचा मला कंटाळाच होता.

गाडी कुठंही थांबली की चाचा तिच्याभोवती एक फेरी मारत आणि चारी चाकांच्या मधल्या तुंब्यांना हाताची मागची बाजू लावत. कुठलं चाक जास्त तापलंय ते त्यांना असं कळे. “तळहात जाड झालाय साहेब, त्याला काय कळतंय. ही बाजू खरं सांगती.” काळ्या रानात चिखल लागला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारी दांडी ओढायची आणि पक्की सडक लागताच ती सोडवायची, यात त्यांची कधी चूक झाली नाही. रोज सकाळी खराट्याची काडी घेऊन रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं कुसळ न् कुसळ ते काढत. मी घड्याळ बघत उभा असे.

“चाचा, गाडी आहे, नवरी नव्हे,” असं एकदा मी म्हणालो. ते हसले आणि काडी चालवत राहिले.

जळकोटवरून तुळजापूरला आलो. तिथं आमच्या कंपाउंडरनं देवीचा हार आणून जीपच्या तोंडावर बांधला. पुढं येरमाळ्याला येडेश्वरीचा हार मी स्वतः बांधला, झेंडूचा, मनगटाएवढा जाड. त्यात श्रद्धेपेक्षा हौस जास्त होती. आधीचा काढू का म्हणून विचारलं, तर कंपाउंडर म्हणाला, “देवीचा हार सुकला तरी टाकत न्हाईत साहेब. भूमला नदीत सोडू दोन्ही.”

त्या दिवसापासून चाचांची काडी थांबली. सकाळी लवकर निघता येतंय, एवढंच माझ्या लक्षात आलं आणि मला बरं वाटलं.

तेरखेड्याच्या पुढं गाडी सारखं पाणी मागू लागली. “लई तापतीय साहेब,” चाचा म्हणाले, “घटकाभर हुबी करू.” भूमच्या शाळेत पोरं सकाळपासून ताटकळत बसलेली. मी म्हणालो, “चढ संपला की थांबू.” निम्म्या चढावरच बॉनेटमधून वाफ उसळली, खाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. त्याचं हेड, वरचं लोखंडी झाकण, तडकलं होतं. बैलांच्या दोन जोड्या लावून गाडी भूमला न्यावी लागली.

तिथं मी हार उचलून पाहिले. त्यांच्यामागची जाळी कुसळांनी आणि झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरली होती. वारा आत जायला जागाच नव्हती.

“चाचा, तुम्हाला हे कळलं नाही?”

“कळलं की.”

“मग हार काढायचे ना.”

“तुमच्या देवीचे हार, साहेब. तुमी सोताच्या हातानं बांधलेले. म्या कसा हात लावू?”

“निदान मला सांगायचं.”

“रोज सांगीन म्हणायचो. तोंडातनं निघंना.”

एखाद्या दर्ग्यावरचं फूल मीही हलवलं नसतं.

फॉर्मवर मी ‘निकामी’ शेरा मारला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वाहन जुने व जीर्ण’. हारांबद्दल लिहिलं नाही. चाचा थांबू म्हणत असताना मी गाडी दामटायला लावली, हेही लिहिलं नाही. ते शेजारीच बसले होते. त्यांना उर्दू येई, मराठी वाचता येत नसे. काय लिहिलं ते त्यांनी विचारलंही नाही.

नवी जीप आली, नवा ड्रायव्हर आला. मी दौऱ्यावरून परतलो की चाचा फाटक उघडत, गाडी उभी राहीपर्यंत थांबत आणि मग तिच्याभोवती फिरून चारी चाकांना हाताची मागची बाजू लावत. नव्या ड्रायव्हरला ते आवडत नसे. मी मात्र त्याला गप्प बसवत असे. तेवढंच माझ्या हातून होत होतं.

दसरा आला. सगळ्यांनी आपापल्या सायकलींना हार घातले. जीपला हार घालायला माझा हात धजेना. दुपारी चाचाच एक हार घेऊन आले, बारीकसा. त्यांनी तो बॉनेटच्या वरच्या अंगाला, काचेखाली बांधला आणि नेहमीच्या सवयीनं खालच्या जाळीवरून बोटं फिरवली. मला फार लाज वाटली.

“इथं बांधला, साहेब,” ते म्हणाले, “म्हंजी कुणाला काढायची पाळी न्हाय.”