डिस्कचा निळा दिवा

मित्रांनो, मदत हवी आहे म्हणून लिहितोय.

चिखलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आज देऊळघाटची सुजाता आली होती. तिचे वडील नुकतेच वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिच्या लग्नातला त्यांचा फोटो मोठा करून हवा होता.

कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती, म्हणून आधी ‘जुनं’ नावाचं फोल्डर कायमचं डिलीट करायला टाकलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, त्या डब्बीचा दिवा काऊन चमकून राह्यला?"

टेबलावरच्या डिस्कचा निळा दिवा भराभरा लुकलुकत होता. सगळ्या लग्नांचे फोटो त्याच डिस्कवर. मी तर तिला हातही लावला नव्हता!

आणि एकदम आठवलं. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्यात डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडावी लागते, म्हणजे माउंट करावी लागते. मग त्या फोल्डरमध्ये जे कराल ते थेट डिस्कवर होतं. ही डिस्क मीच कधीतरी ‘जुनं’च्या आत जोडून ठेवली होती. म्हणजे ‘जुनं’बरोबर डिस्कवरचे फोटोही पुसले जात होते!

मी डिस्कची वायरच उपटली.

"काय झालं दादा? बाबाचा फोटो आहे ना?"

पुन्हा जोडून पाहिलं. तिचं लग्न वाचलं होतं. पण कितीतरी लग्नं गेली, आणि त्यांची दुसरी कॉपी नाही.

सुजाता मोठा केलेला फोटो छातीशी धरून गेली.

डिलीट झालेलं परत काढता येतं का? कोणाला माहीत असेल तर सांगा. तेव्हापासून दुकानाची पायरी कोणी चढलं की मनात येतं, यालाही कोणाचा तरी शेवटचा फोटो हवा असेल तर?