व्यालेली गाय उठत नाही, काय करावे?

कंपनीला सुट्टी होती म्हणून नागापूरहून पारनेरकडे गावी आलो होतो. आदल्याच दिवशी आमची जर्सी व्याली होती. सकाळी धारेला गेलो तर ती बसलेली, मान पोटाकडे वळवून, कान गार. वडिलांनी आणि मी ढकलून पाहिलं, पण काही उठेना. घरात दुभती अशी ती एकच. वडिलांचा चेहरा मला बघवेना.

डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. मग मोबाईललाच विचारलं, 'व्यालेली गाय उठत नाही, काय करावे?'

पहिलंच पान उघडलं. 'नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजच्या लेखात आपण सविस्तर माहिती पाहणार आहोत.' मग गाय म्हणजे काय, मग गायीचे महत्त्व. अहो, माझ्यासमोर गाय मरायला टेकलीय आणि तुम्ही मला निबंध कसला वाचायला लावता? 'गाय उठत नाही' हे शब्द ओळीओळीत पेरलेले, उत्तराचा मात्र पत्ता नाही. शेवटी कसल्याशा पावडरीची जाहिरात आणि तोवर गूळ-तेलाचा काढा पाजा, असा सल्ला. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरही तोच मजकूर, शब्द तेवढे इकडचे तिकडे. जवळचा जनावरांचा डॉक्टर शोधला, तर पुण्यातलं कुत्र्यांना आंघोळ घालणारं दुकान निघालं.

आमच्याकडे पहिल्या नंबराला फार मान. शाळेत पहिला आलेला पोरगा खोटं बोलेल असं कुणाला वाटत नाही. वडिलांनी तोच न्याय मोबाईलला लावला. "पयल्या नंबरावर हाय ना? मग खरंच आसंल," म्हणाले आणि काढा करून बाटलीत भरलासुद्धा.

बाटली गायीच्या तोंडाशी नेली, तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला. मी गाय बसल्याचं आणि काढ्याचं सांगितलं. "काही पाजू नका! बसल्या गायीच्या फुफ्फुसात जाईल. टेकू देऊन नीट बसवून ठेवा, मी निघालो."

आले. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश सोडली. गाय थरथरली, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने धडपडत उभी राहिली. वडील गोठ्यातच खाली बसले आणि रडायला लागले. मलाही राहवलं नाही.

माझा राग मात्र गेला नव्हता. डॉक्टरांकडून तपासून घेऊन मीच एक पान लिहून नेटवर टाकलं. नमस्कार नाही, मित्रांनो नाही. पहिलंच वाक्य: बसलेल्या गायीला तोंडाने काही पाजू नका, डॉक्टरांना बोलवा. खाली माझा नंबर. कंपनीतला मित्र हसला. म्हणाला, तेच तेच शब्द घोळव, 'पाच रामबाण उपाय' असं नाव दे, तर ते वर येईल. मी ऐकलं नाही. परिणाम असा की माझं पान मलाच सापडेना.

गेल्या आठवड्यात घरी असताना पाथर्डीकडून अनोळखी फोन आला. बाईमाणसाचा आवाज. "तुमीच लिवलंय ना गायीचं? लई खाली गेले तवा घावलं. बाटली भरून ठिवली हुती, ती सांडून दिली. डॉक्टर आत्ताच गेले. उठली हो गाय!"

मी शेजारी बसलेल्या वडिलांना सांगितलं, तिकडची गाय उठली. वडिलांनी हातातून फोन घेतला, ना ओळख ना पाळख, आणि विचारलं, "बाई, वासराला चीक पाजला का?"