समीक्षाचा दम कुठे जातो

कर्जतजवळच्या कोंडाण्याचा सहदेव टेंपो चालवतो, पण त्याला टेंपोवाला म्हटलेलं खपत नाही. तो कबड्डीचा माणूस. दिवसभर रिसॉर्टवाल्यांना भाजी नि गाद्या पोचवायच्या आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात मुलींना खेळवायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. लग्नाला गेला तरी हा गृहस्थ वऱ्हाडातल्या पोरींच्या पोटऱ्या बघून खेळाडू हेरतो, अशी त्याची बायको बायजा चेष्टा करते, आणि त्यात खोटं काही नाही.

त्याच्या संघातल्या पोरींत समीक्षा सगळ्यांत चपळ. बारावीतली मुलगी, पण ती चढाईला आली की समोरच्या संघाचे कोपऱ्यावरचे खेळाडू आपोआप मागे सरकायचे. जिल्हा संघाची निवड चाचणी जवळ आली, तशी गावानं तिची निवड परस्पर करूनही टाकली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला. त्यात कोपऱ्यात सहदेवचाही फोटो होता, आणि येताजाता तो टेंपो जरा हळू करायचा.

नेमका तेव्हाच समीक्षाचा दम तुटायला लागला. मध्यरेषा ओलांडली की दोन-चार पावलांत ‘कबड्डी कबड्डी’ घशातच अडकायचं आणि ती बाद. दम तुटला की पळवा, हे कबड्डीतलं बापजाद्यांपासूनचं औषध. सहदेवनं तिला गावावरच्या लेण्यांच्या चढावर पळवलं. ती ओकली, तर अजून पळवलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत.

शेवटी बायजाच बोलली. पोरगी जेवत नाही, सरावाला यायच्या आधी देवळामागे जाऊन रडते, हे तिनं पाहिलं होतं. तिला पळवण्यापेक्षा एकदा विचारा, असं तिनं नवऱ्याला सुनावलं. वजन किती, यापलीकडे त्यानं कुठल्या पोरीला कधी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सराव सुटल्यावर त्यानं समीक्षाला टेंपोच्या पायरीवर बसवलं आणि विचारलं.

“पळताना दम पुरतो, मामा,” ती म्हणाली. “रेषेवर पाय ठेवला का हात कापायला लागतात. सगळा गाव बघतोय असं वाटतं.” मग खाली बघत म्हणाली, “माझी निवड नाय झाली तर तुमी माझ्याशी बोलाल का? खोपोलीची फायनल हरलो तवा घरापर्यंत एक शब्द नाय बोललात.”

सहदेवला ती फायनल आठवत होती, कुणाची पकड कुठे सुटली तेसुद्धा. आपण बोललो नव्हतो, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“बोलीन गं,” तो म्हणाला. “तू खेळली नायस तरी बोलीन.”

तिनं लगेच विचारलं, “मग चाचणीला नाय गेले तर चालेल?”

इतक्या वर्षांत गावातली एकही पोर जिल्ह्याला गेली नव्हती. पण शब्द तोंडातून गेला होता. सहदेवनं होय म्हणून मान हलवली.

फलक त्यानं भर दुपारी, सगळ्यांदेखत उतरवला. लोक नाही नाही ते बोलले. पुढं समीक्षाला नि तिच्या आईला घेऊन तो कर्जतला मनाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेला. बाईंनी समीक्षाला दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि टेंपो त्या दिवशी कर्जतची खेप धरायला लागला. चाचणीच्या दिवशी समीक्षा घरीच राहिली. बायजानं सहदेवच्या पुढ्यात चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी समीक्षा आपणहून मैदानात आली. मोठ्या मुलींत नाही, पाचवी-सहावीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत खेळायला उभी राहिली. चढाईला गेली आणि त्या सगळ्या मिळून तिला येऊन बिलगल्या. ढिगाखालून आधी पाय दिसले आणि मग तिचं हसू ऐकू आलं, मोठ्यानं, थांबता थांबेना असं. सहदेवच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजवायचं काही त्याला सुचलं नाही.