चाळणीबाईचे डोळे

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या प्रयोगशाळेत सगळे चाळणीबाई म्हणतात. खारफुटीच्या मुळांशी साचलेला चिखल बारीक जाळीच्या चाळणीत धुवायचा, वर उरेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि भिंगाखाली एकेक जीव चिमट्यानं उचलून मोजायचा, हे काम ती सव्वीस वर्षं करते आहे. कणीएवढे शंख, धाग्यासारखे किडे, टाचणीच्या डोक्याएवढे खेकडे, सगळ्यांना ती चेहऱ्यानिशी ओळखते. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकाला पन्नास माणसं आली तरी आम्ही धन्य व्हायचो; हिच्या वाटीभर चिखलात रोज हाउसफुल्ल!

गेल्या आठवड्यात मात्र दोन मोजण्या फसल्या. एरवी दीडदोनशे जीव देणाऱ्या एका जागेतून अवघे नऊ निघाले, दुसरीतून अकरा. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई हळूच म्हणाल्या, "डोळे तपासून घ्या. दिसत नसेल तर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम देऊ." त्या दिवशी ती घरी येऊन जेवलीच नाही.

म्हणून परवा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी प्रयोगशाळेत गेलो.

"थांब दादा, एवढा ट्रे संपवते."

"किती झाले?"

"सहा. याहून जास्त मुंग्या माझ्या साखरेच्या डब्यात असतात." हसली, पण पुन्हा एकदा तोच ट्रे मोजला.

ट्रे बाजूला सारून ती चाळणी पुसायला उठली. पुसता पुसता तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि तशीच उभी राहिली.

"दादा, हे बघ. इथे, कडेला."

मी चष्मा पुसला, चढवला, उतरवला. "मला काही दिसत नाही गं."

"अरे, जाळी सुटलीय! नखाएवढीसुद्धा नाही फट. सगळी बारकी मंडळी तिथून पसार!" मग एकदम आवाज खाली आला. "दादा... मला दिसतंय."

चाळणीखालच्या टबात उतरलेलं गढूळ पाणी मोजणी संपेपर्यंत फेकायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. टब अडवून ठेवते म्हणून सफाईवाल्या मावशी रोज तिच्या नावानं खडे फोडतात. त्या टबातलं पाणी तिनं नव्या चाळणीतून ओतलं. ट्रे भरला, आणि काय सांगू, पडदा वर जावा तसं सगळं रंगमंचावर! किडे वळवळत होते, झिंग्यासारखे चिमुकले जीव उड्या मारत होते.

मुख्य बाई येऊन ट्रेवर वाकल्या. "चाळणी मीच तपासायला हवी होती," त्या म्हणाल्या. "मागच्या दोन जागांचा चिखल पुन्हा आणू. मोजाल ना?"

"मी नाही तर कोण?" बहीण म्हणाली.

मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर ती खेकसली, "दादा, गप्प बस! एकशे सदतीस... एकशे अडतीस..."

डॉक्टरांची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी स्टूल ओढलं आणि निवांत बसलो.